गाडीच्या एअर कॉम्प्रेसरवर मेट्रिक आणि इंची फिटिंग्ज जुळवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जीपवर बसवलेला १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर असो, टेम्पोची हवेची टाकी असो की ट्रकच्या एअर लाइनला जोडायची टायर भरायची नळी, प्रश्न फिरून एकाच जागी येतात: आटे जुळत नाहीत, किंवा जुळल्यासारखे वाटतात आणि गळतात. सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

१. मेट्रिक, बीएसपी, एनपीटी: यात नेमका फरक काय?

फरक तीन गोष्टींत असतो: बाहेरचा व्यास, दोन आट्यांमधलं अंतर म्हणजे पिच, आणि आट्याच्या दातांचा कोन. मेट्रिक आट्याचा कोन ६० अंश असतो आणि पिच मिलिमीटरमध्ये सांगतात. एम१६ × १.५ म्हणजे व्यास १६ मिमी, पिच १.५ मिमी. बीएसपी हा ब्रिटिश पाइपचा आटा, कोन ५५ अंश. एनपीटी हा अमेरिकन पाइपचा आटा, कोन ६० अंश. या दोघांची पिच 'इंचाला किती आटे' अशी मोजतात.

चौथी गोष्ट लोक विसरतात, ती म्हणजे आटा सरळ आहे की निमुळता. एनपीटी निमुळता असतो. बीएसपी दोन्ही प्रकारांत मिळतो. निमुळत्या आट्याचा उतार दोघांतही १:१६ आहे, म्हणजे १६ मिमी लांबीत व्यास १ मिमीने बदलतो. निमुळता आटा पाचरीसारखा आवळून हवा अडवतो. सरळ आटा फक्त धरून ठेवतो, हवा अडवायचं काम वॉशर किंवा ओ-रिंगचं असतं. ही एक गोष्ट डोक्यात पक्की बसली तर खालचे निम्मे प्रश्न पडणारच नाहीत.

२. 'पाव इंच बीएसपी' लिहिलंय, पण मोजलं तर १३ मिमी भरतं. फिटिंग चुकीचं आलं का?

नाही, बरोबर आहे. पाव इंच हे जुन्या लोखंडी पाइपच्या आतल्या भोकाचं माप होतं, आट्याचं नव्हे. पाव इंच बीएसपीचा बाहेरचा व्यास १३.१६ मिमी असतो, अर्धा इंच बीएसपीचा २०.९५ मिमी. पाइपचे आटे कधीही नावावरून मोजायला जाऊ नका.

३. आपल्याकडे एकाच गॅरेजमध्ये तिन्ही प्रकार कसे काय आले?

गाड्या जिथून आल्या तिथले आटे घेऊन आल्या. मुंबईत १९४० च्या दशकाच्या अखेरीस विलीज जीपची जुळणी सुरू झाली, तिचे नटबोल्ट अमेरिकन इंची. टाटांनी १९५४ मध्ये डायमलर-बेंझशी करार केला, ते ट्रक जर्मन वळणाचे, म्हणजे मेट्रिक. प्लंबिंग आणि कारखान्यांतली हवेची लाइन ब्रिटिश काळापासून बीएसपी, आणि ती अजूनही बीएसपीच आहे. वजन-मापांचा मेट्रिक कायदा १९५६ चा, पण पाइपच्या आट्यांना त्याने धक्का लावला नाही. त्यात आता अमेरिकेतून नातेवाइकांबरोबर आलेले किंवा ऑनलाइन मागवलेले छोटे कॉम्प्रेसर एनपीटी घेऊन येतात. म्हणून एका जीपवर टाकी बीएसपी, कॉम्प्रेसर एनपीटी आणि ट्रकचा वापरलेला व्हॉल्व्ह मेट्रिक, असा संसार सहज जमतो.

४. माझ्या हातातलं फिटिंग कोणतं आहे हे घरी कसं ओळखू?

व्हर्नियर आणि पिच गेज घ्या. मेट्रिक आणि व्हिटवर्थ (५५ अंशांचा ब्रिटिश इंची आटा) अशा दोन्ही पात्या असलेला गेज मुंबईत नागदेवी स्ट्रीटला किंवा कुठल्याही चांगल्या टूलच्या दुकानात मिळतो आणि पहिल्याच वापरात पैसे वसूल करतो. फिटिंग रॉकेलने पुसून घ्या, जुनी टेप खिळ्याने पूर्ण काढा. गेजची पाती आट्यांवर ठेवून ती खिडकीच्या उजेडासमोर धरा. पाती आणि आटा यांच्यामधून कुठेही उजेड दिसता कामा नये. पहिल्या दोन आट्यांत बसते आणि पाचव्यापाशी उचलली जाते, याचा अर्थ ती पाती चुकीची.

गेज नसेल तर व्हर्नियरने सलग सहा पिचचं अंतर मोजा, म्हणजे एका शेंड्यापासून पुढच्या सहाव्या शेंड्यापर्यंत. पाव इंच बीएसपीला ते साधारण ८.० मिमी येतं, पाव इंच एनपीटीला ८.५ मिमी, आणि १.५ पिचच्या मेट्रिकला ९.० मिमी. फरक अर्धा-अर्धा मिलिमीटर आहे, पण व्हर्नियरवर स्पष्ट दिसतो. एकच पिच मोजून ठरवू नका, त्यात हाताची चूकच फरकाएवढी असते.

निमुळतं आहे का हे पाहायला टोकाचा आणि मुळाजवळचा व्यास मोजा. दोन्ही सारखे तर सरळ. हमखास फसवणाऱ्या जोड्या अशा:

| हे आणि ते | बाहेरचा व्यास (मिमी) | पिच (मिमी) |
|---|---|---|
| १/८ बीएसपी / एम१० × १ | ९.७३ / १०.० | ०.९०७ / १.० |
| १/८ बीएसपी / १/८ एनपीटी | ९.७३ / १०.२९ | ०.९०७ / ०.९४१ |
| १/४ बीएसपी / १/४ एनपीटी | १३.१६ / १३.७२ | १.३३७ / १.४११ |
| १/४ बीएसपी / एम१४ × १.५ | १३.१६ / १४.० | १.३३७ / १.५ |
| ३/८ बीएसपी / एम१६ × १.५ | १६.६६ / १६.० | १.३३७ / १.५ |
| १/२ बीएसपी / १/२ एनपीटी | २०.९५ / २१.३४ | १.८१४ / १.८१४ |
| १/२ बीएसपी / एम२२ × १.५ | २०.९५ / २२.० | १.८१४ / १.५ |

निमुळत्या आट्याचा व्यास जागेप्रमाणे बदलतो, त्यामुळे एनपीटीचे आकडे नाममात्र समजा. टोकाला माप यापेक्षा थोडं कमी भरेल.

५. दुकानात 'दोन सुती निपल द्या' म्हटलं तर योग्य वस्तू मिळेल ना?

कदाचित मिळेल, कदाचित नाही. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तेव्हा दोन सूत म्हणजे पाव इंच. पण काउंटरवरचा माणूस ते पाव इंच पाइपच्या आट्याचं समजेल, पाव इंच नळीच्या बाहेरच्या व्यासाचं समजेल, की जाड बोल्टचं, हे त्याच्याकडे कोण जास्त येतं यावर ठरतं. प्लंबिंगच्या दुकानात बीएसपी मिळेल, पुण्याच्या नाना पेठेत ऑटोच्या दुकानात तो आधी गाडीचं मॉडेल विचारेल. सगळ्यात बरं म्हणजे जुनं फिटिंग सोबत न्या आणि पूर्ण वाक्य सांगा: "एका बाजूला एम१६ दीड पिच मेल, दुसऱ्या बाजूला पाव इंच बीएसपी फीमेल, पितळी, डाउटी सीलसकट." मेल म्हणजे आटे बाहेरून, फीमेल म्हणजे आतून; डाउटी सील म्हणजे आतल्या कडेला रबर असलेली धातूची चकती. एनपीटी हवं असेल तर तो शब्द स्वतःहून उच्चारा. आपल्याकडे न सांगता मिळतं ते बीएसपी.

६. पाव इंच बीएसपीच्या भोकात पाव इंच एनपीटी दोन-तीन आटे जातं. भरपूर टेप लावून आवळलं तर चालेल का?

चालणार नाही. बीएसपीचे इंचाला १९ आटे, एनपीटीचे १८. दोन-तीन फेऱ्यांत तो फरक साठतो आणि फिटिंग अडकतं. त्यापुढे पान्याने फिरवता तेव्हा जे 'बसल्यासारखं' वाटतं ते एका बाजूचे आटे दुसऱ्या बाजूचे आटे सोलत असतात. पितळी फिटिंग आणि ॲल्युमिनियमचं भोक असेल तर सोललं जातं ते भोक, म्हणजे महागाचा कॉम्प्रेसर. टेप फक्त आट्यांमधल्या बारीक फटी भरते. पिचचा फरक ती भरू शकत नाही, फक्त लपवते. बाकावर साबणाच्या पाण्याने तपासताना सांधा कोरडाही दिसेल, पण तो दोन आट्यांवर लटकलेला असतो. इंजिनच्या धक्क्यांनी तो सुटतो, आणि ८ बार दाबाखालचं पितळी फिटिंग बॉनेटखाली सुटणं ही गंमत नाही.

यावर एकच उपाय आहे: बीएसपी मेल ते एनपीटी फीमेल, किंवा उलट, असा तयार ॲडॅप्टर. तो स्वस्त आहे.

७. अर्धा इंच एनपीटी तर अर्धा इंच बीएसपीत छान पूर्ण बसतं. मग तिथे काय अडचण?

ही सगळ्यात फसवी जोडी. दोघांचेही इंचाला १४ आटे, पाऊण इंचातही तसंच. त्यामुळे फिटिंग शेवटपर्यंत जातं आणि हाताला काहीच खटकत नाही. पण एकाचे दात ५५ अंशांचे, दुसऱ्याचे ६० चे. दात पूर्ण टेकत नाहीत आणि आट्याच्या मळसूत्राभोवती एक बारीक वाट उघडी राहते. पाण्याच्या नळाला जाड सीलंटवर ते खपून जातं. हवेला नाही, कारण हवा पाण्यापेक्षा फार पातळ आणि कॉम्प्रेसरच्या लाइनला सतत गरम-थंड होण्याचा ताण. टाकीच्या तोंडाशी अर्धा इंच सांधा असेल तर इथेही ॲडॅप्टरच वापरा.

प्रेशर गेजच्या १/८ ला याच जातीचा धोका आहे. २८ आणि २७ आटे इतके जवळचे की गेजचं छोटं टोक तीन-चार फेऱ्या जातं आणि पुरेसं वाटतं.

८. टेफ्लॉन टेप, सफेदा-सुतळी, द्रव सीलंट, डाउटी सील: कुठे काय लावायचं?

निमुळत्या आट्याला टेप किंवा द्रव सीलंट. सरळ आट्याला डाउटी सील किंवा तांब्याचं वॉशर, आणि टेप अजिबात नाही. डाउटी सील म्हणजे धातूची चकती आणि तिच्या आतल्या कडेला चिकटवलेलं रबर. त्याला टेकायला भोकाभोवती सपाट, गुळगुळीत तोंड लागतं. खरबरीत ओतीव तोंडावर ते हवा धरणार नाही. ३/८ बीएसपीचं सील एम१६ ला ढिलं बसतं आणि आवळताना सरकतं, म्हणून सील आट्याच्या मापाचंच घ्या.

टेप लावताना पहिला आटा मोकळा सोडा, आवळण्याच्या दिशेने दोन-तीन वेढे पुरे. हाताने घट्ट झाल्यावर पान्याने साधारण दीड ते दोन फेऱ्या. जास्त वेढे दिले की आवळताना टेपचे धागे आत जातात आणि थेट नॉन-रिटर्न व्हॉल्व्हच्या (एनआरव्ही, हवा मागे न येऊ देणारा) किंवा अनलोडरच्या (कॉम्प्रेसर थांबल्यावर लाइनमधला दाब सोडणारा) सीटवर जाऊन बसतात. कॉम्प्रेसर बंद केल्यावर टाकी हळूहळू रिकामी होत असेल तर एनआरव्ही बदलण्याआधी तो उघडून पाहा, पांढरा धागा सापडण्याची शक्यता बरीच आहे. एकदा आवळलेला टेपचा सांधा तोंडाची दिशा जुळवायला थोडा मागे फिरवला की टेप फाटते. तो पुन्हा काढून नव्याने लावावा लागतो.

कॉम्प्रेसरच्या जवळ, जिथे धक्के जास्त, तिथे मी द्रव सीलंट पसंत करतो. त्याला सुकायला डब्यावर लिहिलेला वेळ द्या, घाईत हवा भरू नका. सफेदा-सुतळी घरच्या नळासाठी ठेवा.

९. तीन ॲडॅप्टर एकमेकांत बसवून हवं ते माप मिळतंय. काही हरकत?

हरकत आहे, आणि ती मोठी आहे. प्रत्येक ॲडॅप्टर म्हणजे दोन नवे सांधे, आणि लांब होत गेलेला कडक पितळी दांडा. कॉम्प्रेसरच्या हेडवर तो प्रत्येक धक्क्याला झुलतो आणि मुळाशी तडा जातो. तडा पहिल्या आट्याच्या खाचेत जातो, बाहेरून दिसतही नाही.

कॉम्प्रेसरच्या तोंडाशी एकच ॲडॅप्टर, त्याला लगेच लवचिक होज, आणि होजच्या पुढे चेसिसवर पक्का बोल्ट केलेला छोटा मॅनिफोल्ड, म्हणजे अनेक तोंडांचा ठोकळा. गेज, प्रेशर स्विच, सेफ्टी व्हॉल्व्ह सगळे त्या मॅनिफोल्डवर. मापाचं रूपांतर होजच्या एका टोकाला एकदाच करा आणि पुढची सगळी लाइन एका कुळाची ठेवा. आपल्याकडे ते कूळ बीएसपी असावं, कारण तालुक्याच्या ठिकाणीही रविवारी बीएसपी निपल मिळतं. एकसंध ॲडॅप्टर मिळालाच नाही तर कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा जवळच्या एमआयडीसीत लेथवाल्याकडून षट्कोनी पितळी बारमधून एकच तुकडा काढून घ्या. दोन्ही टोकांचे नमुने देऊन या, कागदावरचं माप देऊ नका.

१०. पितळ घ्यावं की जीआय (जस्ताचा थर दिलेलं लोखंड)?

पितळ. जीआय फिटिंगचा जस्ताचा थर आवळताना सोलतो आणि त्याची भुकटी व्हॉल्व्हमध्ये जाते.

११. सहा मिमीच्या पुश फिटिंगमध्ये पाव इंची नळी बसते का?

पाव इंच म्हणजे ६.३५ मिमी. ती ६ मिमीच्या फिटिंगमध्ये जात नाही, आणि ६ मिमीची नळी पाव इंचाच्या फिटिंगमध्ये जाते पण धरली जात नाही. १२ मिमी आणि अर्धा इंच (१२.७) यांचंही तसंच. १० मिमी आणि ३/८ (९.५३) हीसुद्धा वेगळीच. या मापांत फक्त ५/१६ इंच म्हणजे ७.९४ मिमी आणि ८ मिमी ही जोडी प्रत्यक्षात जमते. नळीवर छापलेलं माप वाचा, पुसलं असेल तर व्हर्नियर लावा. टोक ब्लेडने काटकोनात कापा. पक्कडीने तोडलेलं अंडाकृती टोक योग्य मापाच्या फिटिंगमध्येही गळतं.

१२. नायलॉनची नळी थेट कॉम्प्रेसरला जोडू का?

नको. दाबलेली हवा तापते, आणि ट्रकच्या कॉम्प्रेसरची डिस्चार्ज लाइन तर हात लावता येणार नाही इतकी गरम असते. नायलॉन साधारण १०० अंशांपर्यंतच टिकतं आणि त्याआधीच मऊ पडून फिटिंगमधून निसटतं. पहिला टप्पा धातूच्या पाइपचा किंवा स्टीलची जाळी असलेल्या पीटीएफई (टेफ्लॉन) होजचा ठेवा. हवा निवल्यावर नायलॉन चालेल.

१३. एम१६ × १.५ च्या पोर्टला एम१६ × १.५ चाच नट लावला. आटे अचूक जुळतात, तरी हवा गळते. का?

आटे जुळले, बसण्याची जागा जुळली नाही. मेट्रिक पाइप फिटिंगच्या एका मोठ्या कुळात २४ अंशांचा शंकू असतो आणि त्यात पाइपवरची रिंग, म्हणजे ऑलिव्ह, दाबली जाते. त्या कुळात एम१२ चा नट ६ मिमी पाइपचा, एम१४ चा ८ मिमीचा, एम१६ चा १० मिमीचा, एम१८ चा १२ मिमीचा, एम२२ चा १५ मिमीचा, आणि पिच सगळ्यांचीच १.५. दुसरीकडे ट्रकच्या टाकीवरचं एम१६ किंवा एम२२ पोर्ट सपाट तोंडाचं असतं, त्याला वॉशर लागतं. शंकूचं फिटिंग सपाट तोंडाला किंवा उलट लावलं की धातूला धातू टेकतो आणि फट राहते. भोकात टॉर्च मारून पाहा: आत उतरतं तोंड दिसतं की सपाट कडा? नायलॉनच्या नळीवर ऑलिव्ह वापरत असाल तर नळीच्या आत पितळी इन्सर्ट घाला, नाहीतर नळी चेपून निसटते.

१४. जुन्या एसीचा कॉम्प्रेसर हवा भरायला बसवला आहे. त्याची पोर्ट्स मेट्रिकलाही जुळत नाहीत आणि बीएसपीलाही.

कारण ते पाइपचे आटेच नाहीत. एसीच्या होजला सहसा अमेरिकन यंत्राचे इंची आटे असतात: आठ नंबरला ३/४ इंच आणि १६ आटे, दहा नंबरला ७/८ इंच आणि १४ आटे. त्यातही फ्लेअरचा (पाइपचं तोंड पसरवून बसवायचा) आणि ओ-रिंगचा असे दोन प्रकार, आटे तेच पण बसक वेगळी. काही कॉम्प्रेसरना आटेच नसतात, बोल्टने आवळायचं पॅड असतं. एसीच्या होजचं टोक कापून त्यावर क्रिम्पने एअर होज लावून घेणं हा स्वच्छ मार्ग, एसी दुरुस्तीवाले ते करून देतात. असे बरेच कॉम्प्रेसर गॅसबरोबर फिरणाऱ्या तेलावर चालतात. हवा ओढताना ते तेल परत येत नाही, म्हणून वंगणाची सोय आधी करा आणि बाहेर पडणारं तेल अडवायला सेपरेटर बसवा.

१५. ॲडॅप्टरच्या भानगडीपेक्षा भोकात दुसऱ्या मापाचा टॅप (आटे पाडायचं हत्यार) मारला तर?

त्याच जवळपासच्या मापाचा वेगळा टॅप मारू नका. १९ आट्यांवर १८ चा टॅप गेला की दोन्ही एकमेकांना छेदतात आणि उरतो तो भुसा. एक पायरी मोठं करून नवे आटे पाडता येतात, भिंतीत पुरेसं मांस असेल तर. पाव इंच बीएसपीसाठी ड्रिल ११.८ मिमी. हे काम हेड उतरवून करा, नाहीतर कीस सिलिंडरमध्ये जातो. हवेच्या टाकीवर मात्र ड्रिल, टॅप, वेल्डिंग काहीच नको. ते दाबाखालचं भांडं आहे.

१६. ॲल्युमिनियमच्या पोर्टचे आटे गेलेत. कॉम्प्रेसर टाकून द्यावा लागेल का?

बहुतेक वेळा नाही. सरळ आट्याच्या पोर्टला धातूचा थ्रेड इन्सर्ट बसवता येतो, पण हवा अडवणारं सील इन्सर्टवर नव्हे, तर तोंडावर टेकेल असं पाहा. कडेला तडा गेला असेल तर मात्र हेड बदला. असा तडा बहुधा सरळ पोर्टमध्ये निमुळतं फिटिंग पान्याला पाइप लावून आवळल्याने जातो. पितळी किंवा पोलादी पोर्टमध्ये निमुळतं बीएसपी मेल सीलंटसह चालतं, ॲल्युमिनियममध्ये सरळ मेल आणि डाउटी सील हाच नियम ठेवा.

१७. ट्रकच्या ब्रेकच्या टाकीतून टायर भरायला हवा घ्यायची आहे. कुठे जोडू?

ब्रेकच्या सर्किटमध्ये घरगुती टी-जोड टाकू नका, आटे कितीही छान जुळले तरी. चार सर्किटच्या प्रोटेक्शन व्हॉल्व्हवर पोर्टचे आकडे कोरलेले असतात: १ म्हणजे येणारी हवा, २१ आणि २२ सहसा मुख्य ब्रेक, २४ सहसा इतर वापर. हवा त्या इतर वापराच्या सर्किटमधून घ्यायची, म्हणजे तुमची नळी फुटली तरी ब्रेकची हवा राखली जाते. कोणता आकडा कशाला हे तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधून पक्कं करा आणि जोडणी कंपनीच्या वर्कशॉपमधून करून घ्या. अनेक ट्रकवर एम१६ × १.५ चं टेस्ट पॉइंट असतं. त्याला टोपी असते आणि आत स्वतःचा व्हॉल्व्ह. ते दाब तपासण्यासाठी आहे, कायमची नळी लावून ठेवण्यासाठी नाही.

याच लाइनवर म्युझिकल हॉर्न लावायचा का, असंही विचारतात. केंद्रीय मोटार वाहन नियम ११९ प्रमाणे वेगवेगळ्या सुरांचा आणि कर्कश हॉर्न बेकायदा आहे.

१८. टायरच्या व्हॉल्व्हलाही मेट्रिक-इंच बघावं लागतं का?

नाही. कार, जीप, ट्रक, मोटरसायकल सगळीकडे त्या व्हॉल्व्हचा आटा एकच. अडतं ते क्विक कपलरमध्ये. तिथे आटा बीएसपी असूनही प्लगचा आकार जपानी, युरोपियन की अमेरिकन धाटणीचा यावर बसणं ठरतं. कपलर आणि प्लग एकाच जातीचे जोडीने घ्या.

१९. सगळं जोडून झालं. गळती कशी तपासू?

टाकी कामाच्या दाबापर्यंत भरा, कॉम्प्रेसर बंद करा, गेजवर खूण करून अर्धा तास थांबा. हवा निवताना सुरुवातीला काटा थोडा उतरतो, ती गळती नव्हे. त्यानंतरही उतरत राहिला तर भांडी घासायच्या लिक्विडचं पाणी ब्रशने प्रत्येक सांध्यावर लावा. मोठे बुडबुडे पटकन दिसतात. बारीक गळतीला पांढरा फेस हळूहळू जमतो, म्हणून एकेका सांध्यापाशी मिनिटभर थांबा. ॲडॅप्टरच्या दोन्ही बाजू, डाउटी सीलची कड आणि सेफ्टी व्हॉल्व्हचं मूळ नक्की पाहा. सेफ्टी व्हॉल्व्ह स्वतःच फुसफुसत असेल तर तो बदला, प्लग लावून बंद करू नका.

गळणारा सांधा दाब असताना आवळू नका. टाकीचा ड्रेन उघडून गेज शून्यावर आल्यावरच पाना लावा. कॉम्प्रेसर दोन-चार वेळा चांगला तापून निवला की हीच तपासणी पुन्हा करा, थंड असताना कोरडे असलेले सांधे तेव्हा बोलू लागतात.